स्वच्छ कार्डाचे पूर्ण गुण

नातेवाइकांना माझं काम समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं. संशोधन करतोस का, तर नाही. शिकवतोस का, तर तेही नाही. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जे शोधून काढतात, त्याचा लोकांना उपयोग किती झाला, हे मी मोजतो. माझा मेव्हणा एकदा पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला, म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकाला मार्क देणारा. मला भयंकर राग आला होता. तसा मी तापटच, त्यात आकड्यांचा गर्व.

आमच्याकडे सिकलसेलची एक स्वस्त तपासणी तयार झाली होती. आमच्या भागात हा आजार किती घरांत आहे, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि माणूस दुखण्यानं तळमळतो. थंडी, तहान, दगदग, काहीही निमित्त पुरतं. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, थोड्या वेळात उत्तर मिळायचं आणि आजार निघाला त्याला एक कार्ड. त्यावर नाव, रक्तगट आणि दुखणं उठलं तर डॉक्टरांनी आधी काय करावं, याच्या चार ओळी. कुठल्याही दवाखान्यात ते दाखवलं की पुढचा घोळ टळावा, ही कल्पना. कल्पना चांगली होती. आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

पण उपयोग किती झाला ते मोजून दाखवा, असं वरून आलं आणि प्रश्नावली मी केली. कार्ड मिळालं का, वर्षानंतर घरात सापडतं का, कोणत्या अवस्थेत आहे, वाचता येतं का. शिबिरात कार्ड हातात देताना मी स्वतः प्रत्येकाला बजावायचो, हे नीट सांभाळून ठेवा. मग वर्षानं घरोघर जाऊन पाहायचं. स्वच्छ कार्डाला पूर्ण गुण, आणि त्याचं नाव उपयोग झालेल्यांच्या यादीत.

लकडगंजच्या ठोक बाजारात पोती उचलणाऱ्या एका हमालाचं कार्ड मला आठवतं. घामानं भिजून भिजून घडीवर फाटलेलं, एका कोपऱ्याला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा डाग. मी त्याला चांगलंच सुनावलं. तो हसत म्हणाला, खिशातच असते साहेब, जिथं गेलो तिथं दाखवा लागते. मी 'खराब अवस्था' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

पुढचं घर उत्तर नागपुरात होतं. बाई ब्लाऊज शिवायच्या. नवरा नव्हता, एकच मुलगी, तिलाच आजार. कार्ड दाखवा म्हटल्यावर बाईंनी मशीन थांबवली, हात धुतले आणि लोखंडी पेटी उघडली. पेटीत तळाशी त्यांच्या सासऱ्यांचा पांढरा सदरा होता, धम्मदीक्षेच्या दिवशी घातलेला. त्याच्या घडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कार्ड. त्या घरात याहून मानाची जागा नव्हती. मुलगी दारात उभी राहून हसत होती. नुकतीच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिहानमधल्या एका कंपनीत लागली होती, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी. तिनं मला विचारलं, सर, किती मार्क? पूर्ण, मी म्हणालो. बी. कॉम.चे पेपर तुम्हीच तपासायला पाहिजे होते, ती म्हणाली. मीही हसलो. त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं घर म्हणून मी ते ऑफिसात सांगितलंसुद्धा.

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती. बाईंनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं.

भर उन्हाळा होता. बाहेरून तापून आलेली पोर एसीच्या गारठ्यात दिवसभर बसायची. एका दुपारी तिच्या छातीत दुखू लागलं. नोकरी नवी, म्हणून आजाराचं तिनं तिथं कुणाला सांगितलेलं नव्हतं. सोबतच्या मुलींनी तिला जवळच्या छोट्या दवाखान्यात नेलं. तोवर तिला बोलताही येईना. कुणाला काही ठाऊक नाही, त्यामुळे आधी गॅस समजून इंजेक्शन दिलं आणि पडून राहा म्हणाले. इकडे फोन आल्यावर बाईंनी पेटी उघडली, कार्ड काढलं आणि ऑटो करून शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला निघाल्या. डॉक्टरांनी कार्ड वाचलं तेव्हा फार वेळ गेला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

"तुमी म्हटलं होतं ना भाऊ, नीट सांभाळून ठेवा म्हून," बाई म्हणाल्या. "पोरगी पर्समदी नेतो म्हने. मीच नेऊ नाही देल्लं. म्हटलं, हरपून जाईन."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

ऑफिसात येऊन मी जुने कागद काढले. ज्यांना पूर्ण गुण दिले होते, ती कार्डं कुणाच्या ना कुणाच्या पेटीत, कपाटात, गादीखाली होती. आपल्याकडे किमती कागद असेच ठेवतात. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माझ्या घरच्या लग्नपत्रिका, सातबारा, आईचं प्रमाणपत्र, सगळं तसंच तर आहे. आणि डागाळलेली, फाटकी कार्डं ज्यांची, त्यांना मी नापास केलं होतं.

साहेबांकडे गेलो, त्या मुलीची नोंद बदला म्हणालो. ते म्हणाले, नियमानं नोंद बरोबर आहे, कार्ड मिळालं, कार्ड सुस्थितीत होतं. मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या टेबलावर हात आपटला. शेवटी ते म्हणाले, नोंद बदलायची तर घरच्यांची सही आणा. मी फॉर्म घेऊन निघालो. एवढं तरी खरं लिहावं, एवढंच मला हवं होतं. त्यावर माझी झोप अवलंबून होती म्हणा ना.

बाईंनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. यानं काय होते, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, ज्यांना उपयोग झाला त्या यादीतून तिचं नाव निघेल. त्यांनी पेन खाली ठेवला.

"राशन कार्डातून काढलं. मतदार यादीतून काढाले मानूस येऊन गेला. आता तुमी बी काढून राहिले का?" त्या म्हणाल्या. "राहू द्या ना भाऊ. कुठं तं राहू द्या."

अचूक आकडा का लागतो, पुढच्या पोरींसाठी तो कसा कामाचा, हे सगळं मी रस्त्यात जुळवून आणलं होतं. मी फॉर्मची घडी घालून तो खिशात ठेवला. माझे डोळे भरून आले आणि बाईच मला म्हणाल्या, चहा घेऊन जा.

प्रश्नावली मी बदलली. आता पहिला प्रश्न, तुमचं कार्ड शेवटचं कुणी पाहिलं, असा आहे. फॉर्म मात्र कोराच परत नेला. अहवाल गेल्या आठवड्यात पाठवला. उपयोग झालेल्यांच्या यादीत तिचं नाव आहे, पूर्ण गुणांसह. ते खोटं आहे, आणि खाली सही माझी आहे.