काकांचा पुढचा दात

माझ्या धाकट्या काकांइतका गप्प न बसणारा माणूस आमच्या युसूफ वडगाव या गावाच्या आसपास दुसरा झाला नसेल. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, आणि क्लॅरिनेट पेटीत असली की ते स्वतःच वाजायचे. जेवताना गुणगुणायचे, दाढी करताना शीळ घालायचे. कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, "ह्यो सूर उतरलाय, रबर बदला." आणि रबर खरंच गेलेलं निघायचं. दात मात्र त्यांनी अवजारासारखे वापरले. ढोलाची गाठ, सोड्याचं बूच, सुपारी, सगळं दातांनीच. अखेर एका सुपारीनं वरचा पुढचा दात मुळापर्यंत चिरला; नेमका ज्यावर क्लॅरिनेट टेकवतात तो.

मी तालुक्याच्या गावी, केजला शिक्षिका, त्यामुळे तिथल्या दातांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, दात काढावाच लागेल, पण लगेच त्या खड्ड्यात हाडाची पूड भरून टाके घालू. नाहीतर जबड्याचं हाड झिजत जाईल आणि पुढे नवा दात बसवायला आधारच उरणार नाही.

"हाड कुणाचं?" काकांनी विचारलं.

"माणसाचंच. कुणीतरी मरणोत्तर दान केलेलं. शुद्ध करून घेतलेलं असतं."

"वाजवनारा होता का?"

"ते नाही सांगता येणार, काका."

काकांनी बराच विचार केला. "बरं. नसंल तर आमी शिकवू."

पक्का दात बसेपर्यंत क्लॅरिनेट बंद, असं डॉक्टरनं बजावलं. काकांनी शीळ आणि गुणगुणणंही आपणहून सोडलं. शिंक आली की जबडा धरून अंगणात पळायचे. एकदा सकाळीच फोन, "पोरी, राती म्या लई घोरलो म्हनती तुजी काकू. पूड उडाली असंल का?" मधेच माझ्या लेकीचा साखरपुडा झाला. त्यात ते वाजवणार होते. नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. भाड्याचा स्पीकर गात होता आणि मांडीवर काकांची बोटं हलत होती. मला तिकडे बघवेना. काकू हळूच म्हणाल्या, "घर मुकं झालंय गं. घास उतरत न्हाई."

चार-पाच महिन्यांनी जबड्याचा फोटो काढला, तेव्हा हाड छान भरून आलं होतं. त्यात स्क्रू बसला, आणखी काही महिन्यांनी त्यावर दात. त्याच दुपारी काकांनी पेटी उघडली. पहिला सूर बकरीसारखा निघाला, स्वतःच हसले. दुसरा मात्र असा चढला की शेजारची माणसं ओट्यावर आली. पण गाणं अर्ध्यावर आलं आणि छाती थकली. काकांनी क्लॅरिनेट खाली घेतली. "दात बसला," ते ओशाळून म्हणाले, "पन दम..."

काकू पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"घ्या की दम," त्या म्हणाल्या. "मला कुटं जायचंय?"