लाल ठिपका

अनंता परबने विक्रोळीच्या कारखान्याच्या गेटवर बावीस वर्षं लोकांचे डबे उघडून पाहिले. नोकरी संपली, खोड संपली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. अनंताच्या मनात बारमाही चोरच असत. भाजीवाल्याचा काटा, बँकेचा मेसेज, शेजाऱ्याचं हसणं, सगळंच तपासून घ्यायचं.

त्याच्या सोसायटीशेजारची जुनी इमारत पाडली, तेव्हा भंगारात त्याला लाकडी खोक्यांचे दोन जुने स्पीकर मिळाले. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने काम हातात घेतलं. कागदी पडद्याभोवतीचा फोम भुसा होऊन गळला होता. नवा आणून त्याने तो स्वतः चिकटवला, पहिल्या खेपेला वाकडा आणि दुसऱ्या खेपेला बरा. एका स्पीकरची आतली कॉइल मात्र जळलेली. ती बदलायला तो स्पीकर खोक्यातून काढून साकीनाक्याला नेणं आलं.

स्वस्तात काम करणारं दुकान सापडलं आणि काउंटरमागे राजेश निघाला.

अनंताने त्याला लगेच ओळखलं. हाच तो राजेश. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच्या डब्यात तांब्याच्या तारेचं भेंडोळं मिळालं होतं. अनंताने रिपोर्ट लिहिला, त्या पोराची नोकरी गेली. आता हा सूड उगवणार, माझ्या स्पीकरचा जड जुना मॅग्नेट काढून हलका बसवणार, अशी त्याची खात्रीच झाली. पण दुसरीकडे दुप्पट पैसे सांगत होते. म्हणून तो स्पीकर तसाच घरी घेऊन आला, बायकोच्या नेलपॉलिशने मागच्या बाजूला, तारा जोडायच्या दोन टोकांपैकी एकापाशी, खुणेचा लाल ठिपका दिला आणि दुसऱ्या दिवशी राजेशच्या हवाली केला.

आठवड्याने स्पीकर परत आला. ठिपका जागेवर होता. अनंताने जुन्या तारा होत्या तशाच जोडल्या आणि भजन लावलं. एकेकटा स्पीकर छान वाजे. दोन्ही मिळून वाजले की आवाज पोकळ, डग्ग्याचा दम गायब.

"डग्गो खंय गेलो?" बायकोने, कमळने, स्वयंपाकघरातून विचारलं.

"गेला नाही, नेला! ठिपका तसाच ठेवून मॅग्नेट बदलला चोराने. चारचौघांत लाज काढतो त्याची!"

कमळ बाहेर आली. "एकदा तेची नोकरी घालवलात. आता दुकानय घालवा. आधी तेका इचारा तरी."

विचारायचं कसलं? अनंताने स्पीकर पिशवीत घातला आणि रिक्षा पकडली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बरंच झालं, साक्षीदार मिळाले. "मॅग्नेट बदललास तू," तो मोठ्याने म्हणाला.

राजेशने वाद घातला नाही. पेन्सिल सेल आणला, वायर टोकांना टेकवली. पडदा पुढे उचलला गेला. "ठीक आहे की. तारा कशा जोडल्या?"

"जुन्या होत्या तशाच!"

राजेश थबकला. त्याने दुसऱ्या टोकापाशी साचलेला काळा चिकटा कपड्याने घासला. खालून फिकट लाल ठिपका वर आला, कंपनीचा.

"परबसाहेब, लाल ठिपका म्हणजे प्लस. हा दुसरा, चकचकीत, कोणी लावला?"

"मी. खुणेसाठी."

"तो बघून मी कॉइल उलटी जोडली. एक स्पीकर पुढे ढकलतो, तेव्हा दुसरा मागे ओढतो. घरी फक्त दोन तारांची अदलाबदल करा." मग तो हळूच म्हणाला, "चूक माझीपण आहे. ठिपका कुणाचा, हे मी विचारायला हवं होतं. न विचारता ठरवलं की असं होतं."

गिऱ्हाइकं गालात हसली. राजेशने स्पीकर कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि जुन्या सवयीने पिशवीचं तोंड अनंतासमोर उघडून धरलं. "बघून घ्या, साहेब."

अनंताला आत बघवेना. आपलीच लाज त्याला इतक्या जवळून कधी दिसली नव्हती.

"राजेश," तो म्हणाला, "त्या दिवशी ती तार तुला दिली कोणी होती?"

राजेशने पिशवी काउंटरवर ठेवली.

"सुपरवायझरने. भंगारातली, घरी ने म्हणाले. तुम्ही माझा डबा उघडलात ना, तेव्हा ते तुमच्या मागेच उभे होते, साहेब."