एकटीचे दोन तास

धाकटीला आठवा लागला आणि डॉक्टरणीनं तिचा प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण लेक दिल्लीत, पलंगावर पडलेली. मी म्हणलं, आई जाईल तिथं माहेर. मी जाते.

थोरल्यानं लगेच मोबाइल काढला. "आई, पुण्यापासनं दिल्ली हवेतनं बाराशे किलोमीटरच्या आसपास हाय."

"आन् वेळ किती?"

"दोन तास. पण एकटी कशी जाशील? कांदा काढून झाला की मीच सोडतो तुला."

"कांदा थांबंल. पोर थांबंल का?"

"तिथं पाट्या वाचाव्या लागत्यात."

आता हा पहिलीत असताना त्याच्याच पाटीवर मी अक्षरं गिरवली, ते हा विसरला असंल, मी न्हाई विसरले. आणि दोन तासांचं मला काय सांगतो? यवतहून पुण्याला एसटीत उभ्यानं जायला तेवढेच लागतात. इथं तर बसून जायचं होतं. सून चुलीपुढनं म्हणली, "काढा वो तिकीट. त्या काय ऐकणार हायत व्हय?"

विमानतळाच्या दारातनं पुढं थोरल्याला सोडलं नाही. बरंच झालं. मी पाट्या वाचत, दोघा-तिघांना विचारत गेले. शेवटी एका बसनं विमानापाशी सोडलं, आणि तिथं जन्माची सवय नडली. बस थांबली तशी मी पिशवी काखेत मारून जिन्यावर सगळ्यांच्या पुढं. आत खिडकीची जागा मोकळी दिसली, त्यावर रुमाल टाकला आणि मग निवांत पिशवी ठेवायला लागले.

मागनं एक साहेब आले. "आंटी, ये मेरी सीट है."

"रुमाल किसका है?" मी विचारलं.

त्यांनी हातातली चिठ्ठी पुढं केली. तेवढ्यात तिथली पोरगी आली, मराठीच निघाली. "आजी, इथं चिठ्ठीवरच्या नंबरानं बसायचं. तुमची मधली जागा."

माझीच चूक. रुमाल उचलला, मधी सरकले. साहेब बसता बसता म्हणले, "अकेली आई हो? बेटा नहीं आया?"

"बेटा कांदा निकालता है," म्हणलं. "मेरे को रस्ता मालूम है."

मालूम कसला, डोंबल. पण विमान काय मला विचारून वळणार होतं?

जावई न्यायला आले होते. लेक मला बघून उठायला लागली. "आई, खरंच एकटी आलीस?"

"पड तू. बोलायला लई दिवस हायत."

पाचव्याच दिवशी, दिवस भरायच्या आधी, तिला मुलगी झाली; दोघी सुखरूप. मी दवाखान्यातच होते, दाराशी. थोरल्याला फोन केला, तर त्याचं पहिलं वाक्य हेच, "मग कवा येऊ तुला न्यायला?"

"भाचीला बघायला ये," मी म्हणलं. "मला न्यायला येऊ नको."