भूगोलाचे मास्तर आणि गोठलेली टाकी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठत जातात. औरंगपुऱ्यातल्या एका हॉटेलात रविवारी सकाळी आम्ही चार रिटायर्ड लोक चहाला बसतो. विषय कोणाच्या मोतीबिंदूचा असो की कोणाच्या सुनेचा, तिसऱ्या घोटाला कोणीतरी माझ्याकडं बघून विचारतं, "मग सर, टाकी काय म्हणते?" झालं! पुढचा तासभर माझाच पंचनामा. म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

*

बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. रिटायर झालो आणि डोक्यात किडा शिरला, की फळ्यावर काढलेला देश आता प्रत्यक्ष बघायचा, तोही गाडीतच राहून. एक जुनी मिनीबस घेतली आणि पडेगावला रशीदभाईंच्या वर्कशॉपमध्ये नेली. रशीदभाई बॉडी बांधण्यात एकदम कसबी माणूस. सगळी उमर स्कूलबस आणि ॲम्ब्युलन्स बांधण्यात गेलेली. त्यांनी आत पलंग, ओटा, सिंक, सगळं झकास बसवलं.

माझ्या बायकोची, सुनंदाची, एकच अट होती. "गाडीत माझा स्वतःचा संडास पाहिजे. तो ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी मी पहिल्या बसनं घरी. आणि ही गाडी विकून टाकायची."

"भाभी, जबान दिली," रशीदभाई छातीवर हात ठेवून म्हणाले. "इंजिन बंद पडंल, पण तुमचा संडास बंद पडणार नाय."

"आणि त्याच्या खालची टाकी कोण रिकामी करणार?"

"मी!" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "रशीदभाई, तुम्ही साक्षीला आहात." आमच्या घरातला संडास इतकी वर्षं कोण घासतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, हे इथंच कबूल करून टाकतो.

टाकी कुठं लावायची यावर रशीदभाईंनी दोन दिवस विचार केला. "सर, आत नको. मे महिन्यात आत ठिवली तं गाडीत कुणी बसणार नाय. खाली, बाहेरून लटकवू. चारी अंगानं वारं लागलं पाह्यजे. टाकी थंड राह्यली की वास मरतो." मला हे इतकं पटलं, की कोणती बाजू जास्त वेळ सावलीत राहील याची मी त्यांना आकृती काढून दिली. वर बाणानं उत्तर दिशाही दाखवली! टाकी थंड राहावी म्हणून घेतलेली ही मेहनत जरा ध्यानात ठेवा.

*

ट्रायल म्हणून आम्ही फर्दापूरला गेलो. झाडाखाली गाडी लावली, सुनंदानं चहा टाकला. गाडीला मागचं दार होतं रशीदभाईंकडं उरलेलं ॲम्ब्युलन्सचं. अर्ध्या तासात दाराबाहेर सहा-सात माणसं रांगेत उभी!

एक आजोबा तर सरळ आत येऊन पलंगावर आडवे झाले. "डाक्टर कवा येनार?"

"आजोबा, हा दवाखाना नाही. आम्ही इथं राहतो."

आजोबांनी उठून ओटा बघितला, पलंग बघितला, माझ्याकडं बघितलं. "घरून काढून दिलं व्हय?"

सुनंदानं त्यांना चहा दिला. चहा झाल्यावर त्यांना घाईची लागली, आणि तिच्या स्वतःच्या संडासाचं उद्घाटन आजोबांनी केलं. बाहेर येऊन म्हणाले, "लई ब्येस हाय. आमच्या सरपंचाकडंबी असला नाय." सुनंदा खूश. संडास पास झाला होता.

*

डिसेंबरात आम्ही हिमाचलात पोचलो. मनालीच्या वर, बिमलाजी नावाच्या बाईंच्या सफरचंदाच्या बागेत गाडी उभी केली. समोर बर्फाचे डोंगर. मी सुनंदाला वाऱ्याची दिशा, हिमरेषा, सगळं समजावून सांगत होतो. ती स्वेटर विणत हं हं करत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी संडासाशेजारचा लाल दिवा लागला. टाकी भरली! सुनंदा आंघोळीचं पाणी तापवत होती, तोवर आटोपून टाकू म्हणून मी गाडीखाली सरपटलो. व्हॉल्व्हचं हँडल ओढलं. हलेना. जोर लावला. हलेना. दोन्ही पाय चाकाला लावून ओढलं, तर हँडल तुटून हातात आलं.

टाकीवर टकटक केलं, तर दगडावर वाजवल्यासारखा आवाज! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हँडल मी जर्किनच्या खिशात लपवलं.

"अहो, झालं का?" वरून आवाज आला.

"झालंच! पण आज तू बिमलाजींकडंच जा ना. त्या कालपासून आग्रह करतायत. बरं दिसत नाही." बिमलाजींनी कसलाही आग्रह केला नव्हता. पण संडास बंद पडल्याचं कळलं असतं तर बायको बसमध्ये आणि गाडी विक्रीला, म्हणून मी खोटं बोललो. सुनंदा शाल घेऊन निमूट गेली.

*

मी लगेच रशीदभाईंना फोन लावला. "रशीदभाई, टाकी गोठली."

"गोठली म्हंजे?"

"आत बर्फ झालाय."

"कशाचा?"

"आता कशाचा सांगू!"

मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "सर, परत एकदा बोला. सगळ्यांना ऐकू द्या." वर्कशॉपमधली हातोडी, वेल्डिंग, सगळं थांबलं. मला वाटलं, आता मिळून काहीतरी उपाय सुचवतील. मिळून हसले!

रशीदभाईंचा थोरला माझा विद्यार्थी. दुपारपर्यंत शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी. पहिला मेसेज आला, "सर, पाणी किती अंशांना गोठतं?" त्याच्याखाली दुसरा, "आकृती काढून स्पष्ट करा." आकृती मी आधीच काढून दिली होती, हे त्या पोरांना काय माहीत! सुनंदा त्या ग्रुपमध्ये नाही, एवढंच नशीब.

*

उपाय सुरू झाले. आमचे जुने सायन्सचे कांबळेसर फोनवर म्हणाले, "मीठ टाका." गाडीतलं सगळं मीठ संडासातून खाली टाकलं. त्या दिवशी वरण अळणी झालं. सुनंदानं वर लिंबू पिळलं, मी दोनदा वाढून घेतलं.

मग उकळतं पाणी. बादलीभर खालून टाकीवर ओतलं. टाकी होती तशीच राहिली, खाली सांडलेल्या पाण्याचा बर्फ झाला, आणि त्यावरून घसरून मी असा बसलो की परतीच्या प्रवासात गाडी उशीवर बसून चालवली.

शेवटी बिमलाजी आल्या. कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "मास्टरजी, गोबर लगाओ. ताज़ा गोबर गरम रहता है." त्यांच्या गोठ्यामागं शेणाचा वाफाळता ढीग होता. दोन दिवस मी पाट्या वाहिल्या, टाकीला चहूबाजूंनी शेण थापलं, वर पोती बांधली. म्हणजे आमची घाण सुटावी म्हणून मी तिला गाईच्या घाणीत गुंडाळत होतो! मुलांना बत्तीस वर्षं हवामान शिकवलेला माणूस मी.

या चार दिवसांत सुनंदा रोज सकाळी शाल घेऊन बिमलाजींकडं जायची आणि दोन-दोन तास यायची नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या गाडीवर उघडायची. गाडीखालून मान वर केली, की खिडकीत दोन बायका आणि दोन चहाचे ग्लास दिसायचे. मधूनच हसण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, काय एकेक मैत्रिणी जमवते ही.

पाचव्या दिवशी दुपारी टाकीतला बर्फ सुटला. पान्यानं व्हॉल्व्ह उघडला, बिमलाजींच्या मागच्या शोषखड्ड्यात सगळं रिकामं केलं, टाकी धुतली, स्वतःला धुतलं. आणि काही झालंच नाही अशा थाटात मी सुनंदाला म्हणालो, "आता आपलाच वापर की."

"बरं," ती म्हणाली.

*

घरी परतल्यावर गाडी पडेगावला नेली. सुनंदा म्हणाली, मीपण येते.

रशीदभाईंनी तिला खुर्ची दिली आणि मान खाली घालून उभे राहिले. "भाभी, माफी द्या. मी जबान दिलती, ती राह्यली नाय. तुम्ही म्हणाल तं गाडीला गिऱ्हाईक बघतो."

आता सगळं संपलं, असंच वाटलं.

सुनंदानं पर्स उघडली. आतून हँडल काढून रशीदभाईंच्या हातावर ठेवलं. "हे बसवून द्या. यांच्या जर्किनच्या खिशात होतं. पहिल्याच दिवशी सापडलं मला."

रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी वेल्डिंग मशीनकडं बघितलं.

"मंग भाभी, तुम्ही ती पहिली बस..."

"बसायला छान खुर्ची होती बिमलाजींकडं. खिडकीपाशी."

रशीदभाईंना धीर आला. ते घाईघाईनं म्हणाले, "एक काम करतो भाभी. टाकी आत घेतो, वरून जाड फोम मारतो. परत कधी गोठणार नाय, माझी गॅरंटी!"

"नको," सुनंदा पर्स बंद करत म्हणाली. "टाकीला हात लावायचा नाही. जिथं आहे तिथंच राहू दे. डिसेंबरात परत जायचंय आम्हाला."