काचेतले मिस्त्री

मिस्त्रींना सगळे काटकोन म्हणत. त्यांनी केलेलं कपाट भिंतीला लावलं की मधून कागद सरकत नसे, आणि बोलणंही तसंच, कुठे गोलाई नाही. कोणी "जरा लवकर द्या" म्हटलं की ते म्हणायचे, "घाई असेल तर खोकं घेऊन जा, बसायला तेही चालतं." तरी लोक येत. खुर्ची करावी तर काटकोननेच. खिळा नाही, स्क्रू नाही. लाकडात लाकूड असं बसवत की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये.

पुढे लोक दर चार वर्षांनी घराचं रूप पालटू लागले. जन्मभर टिकणारी खुर्ची मग उलट अडचणच व्हायला लागली. मिस्त्रींचे गुडघे गेले आणि पाठोपाठ कारखानाही गेला.

धाकट्या भावाचं नेमकं उलटं. त्याला रंधा कधी धड धरता आला नाही, पण लोकांना उद्या काय आवडेल हे त्याला आजच कळे. त्याचं तीन मजली शोरूम होतं. आधी तिथे सगळं चकचकीत पांढरं होतं, मग बिनमुठीची कपाटं आली. आता नवी हवा होती: हाताने केलेलं, खरखरीत, वापरून जुनं झाल्यासारखं दिसणारं. आतून माल तोच, दाबलेल्या भुशाचा. वर लाकडाचा पापुद्रा.

एका सकाळी तो घरी आला. "दादा, घरात बसून कीड लागेल तुला. माझ्याकडे ये."

"काय करू येऊन?"

"रंधा मार. दुसरं काही नाही."

बायकोनेही मान डोलावली. दिवसभर गुडघे चोळत बसलेला नवरा पाहून ती विटली होती.

शोरूमच्या दर्शनी काचेमागे मिस्त्रींचं जुनं बाकडं मांडलं होतं. भावाने त्यांना जाड कापडाचा एप्रन घातला, चष्मा जरा नाकावर ओढला आणि लांब जाऊन बघितलं. "झकास!"

मिस्त्री रंधा मारू लागले. फळी पातळ होत होत संपली की दुसरी येई. त्यातून काहीच बनायचं नव्हतं. झाडणारी बाई सालपटं गोळा करायला आली की मॅनेजर म्हणे, "थोडी राहू दे गं, छान दिसतात." लोक फोटो काढत आणि आतल्या मालावरून हात फिरवत म्हणत, "हाताचं काम ते हाताचं काम."

मिस्त्रींनी महिनाभर मूग गिळले. मग एका बाईंनी विचारलं, "काका, हे टेबल तुम्हीच केलंत ना?"

"छे! भुशाचं आहे. पाणी लागलं की पावासारखं फुगेल."

बाई आल्या पावली परत गेल्या. मिस्त्री एप्रन सोडायला लागले, पण भाऊ रागावलाच नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला. "दादा, तुझं खरं आहे. एक अस्सल खुर्ची करच. लाकूड तू निवड. नव्या मालाच्या उद्‌घाटनाला मधोमध ठेवू."

दीड महिना मिस्त्री वेगळेच झाले. घरी येऊन हाताने हवेत पाठीचा बाक दाखवत. बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हता तुम्ही." खुर्ची झाली तेव्हा आयुष्यभरात एवढं चांगलं काम झालं नव्हतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

उद्‌घाटनाला हॉल भरला होता. भावाने माईक घेतला. "आमचे थोरले बंधू! आज ते तुमच्यासमोर या खुर्चीला शंभर वर्षांचं वय देणार आहेत." आणि मिस्त्रींच्या हातात एक लोखंडी साखळी ठेवली.

मिस्त्रींना कळेना. भाऊ कानाशी वाकला. "ठोक. कडांवर जास्त. जुनी दिसली पाहिजे."

"अरे, ही... नवी आहे."

"म्हणूनच तर. लोक थांबलेत, दादा. माझी शोभा करू नकोस."

सगळ्यांचे फोन वर झाले होते. पुढच्या रांगेत बायको बसली होती, ठेवणीतले कपडे घालून. तिच्याकडे बघत मिस्त्रींनी साखळी उचलली. पहिला घाव हलका पडला. "जोरात!" कोणीतरी ओरडलं आणि लोक हसले. मग मात्र ते थांबेनात. खुर्चीच्या हातांवर, पाठीवर, पायांवर घाव घालत सुटले. शेवटी भावानेच मनगट धरलं. टाळ्या बराच वेळ चालल्या.

पुढच्या आठवड्यात मशीनने त्या खुर्चीचं माप घेतलं, घावांसकट. तशाच शेकडो खुर्च्या भुशाच्या निघाल्या. काचेमागची जागा त्यांनाच लागली, म्हणून बाकडं हललं आणि मिस्त्री घरी आले. भावाने निरोप पाठवला, "दादाने आता आराम करावा."

वर्षभराने गुडघे दाखवायला ते दवाखान्यात गेले. बसायच्या जागेत त्याच खुर्च्या ओळीने होत्या, प्रत्येकीच्या डाव्या हातावर तोच खोल घाव. एकीचा पाय डुगडुगत होता. सवयीने मिस्त्री खाली वाकून सांधा चाचपू लागले.

"ओ काका," नर्स ओरडली, "हात नका लावू! हाताने बनवलेल्या आहेत त्या."

"बरं," मिस्त्री म्हणाले. भिंत धरून उठले आणि नंबर येईपर्यंत उभेच राहिले.