बेंबी बसवणारी गोजरबाई

हर्सूलच्या आमच्या गल्लीत कुणाचं पोट दुखलं की आधी गोजरबाई, मग दवाखाना. सरकलेली बेंबी जागेवर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तेल लावून पोट चोळायची, बेंबीवर कणकेचा पेटता दिवा ठेवायची आणि वर पितळी तांब्या उपडा घालायची. तांब्या पोटाला चिकटला की म्हणायची, "बसली. ऊठ आता." माणूस उठायचाही. मीसुद्धा उठलेय, खोटं कशाला बोलू?

पण बाई महाहेकट. पित्ताच्या खड्यांनी डोळे पिवळेधमक झाले, तेव्हा कुठे दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला मोठा खडा आतड्यात सोडला. शौचावाटे पडून जाईल, म्हणाले. क्वचित एखाद्याचा आतड्यात अडकतो. पोट फुगलं, उलट्या लागल्या तर ताबडतोब आणा, हेही सुनेला, विशाखाला, बजावलं.

घरी आल्यावर नेमकं तेच झालं. मुलगा राजकुमार चितेगावला कंपनीत ड्यूटीवर होता. विशाखा रिक्षा आणायला निघाली, तर गोजरबाई खेकसली, "काय नाय झालं. येताना रिक्षात लई हिसके बसले, बेंबी सरकली. तांब्या आण."

"आत्या, पण डॉक्टर म्हणले व्हते..."

"डागदरला बेंबी कळती व्हय? तुला शिकवलंय ना? लाव हात."

विशाखानं हात लावला. फुगलेल्या पोटावर तांब्या घट्ट चिकटला. "बसली," गोजरबाई म्हणाली आणि हिरवंगार ओकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्याच. राजकुमारनं शेवटी आईला उचलून नेलं, तोवर आतडं काळं पडलं होतं. ऑपरेशन झालं, खडा निघाला, गोजरबाई मात्र वाचली नाही. मला त्या मेलेल्या बाईचा इतका राग आला, की रडू आवरेना.

गोजरबाईच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे दिवसाचं जेवण उरकलं आणि मागच्या गल्लीतली सोनिया पोट धरून दारात आली.

"वैनी, आत्याचा हात आता तुज्याकडंच. बघ जरा."

विशाखा भांडी घासत होती. "माज्या हातानंच आत्या गेल्या," ती म्हणाली. "दवाखान्यात जा, सोनिया. पाया पडते तुज्या."

"काय बी बोलती. त्यांची वेळच आली व्हती."

असं म्हणून सोनिया तिथंच सतरंजीवर आडवी झाली आणि तिनं पोटावरचा पदर बाजूला केला.