शेषरावांची भावकी

सोनाळ्यात निवडणूक लागली की शेषरावांच्या घरचं चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नाही. पॅनल कसं बांधावं, कोणत्या गल्लीतला कोण घ्यावा, हे त्यांना विचारल्याशिवाय कुणी फॉर्म भरत नाही. स्वतः मात्र जेव्हा जेव्हा उभे राहिले तेव्हा पडले, आणि दर वेळी भावकीनंच पाडलं. गावाला शिकवणारा मास्तर स्वतः नापास, असं त्यांची बायको पुष्पाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

मुलगी प्रतीक्षा लग्न होऊन इंग्लंडातल्या एका लहान शहरात गेली, आणि यंदा तिथल्या नगरपालिकेला उभी राहिली. तिथे वेगळाच वाद पेटलेला. एक पक्ष म्हणे, बाहेरून आलेल्यांनी आमच्यासारखं व्हावं, नाहीतर परत जावं. दुसरा म्हणे, नाना तऱ्हेची माणसं हीच शहराची शोभा. या दुसऱ्यानं प्रतीक्षाला तिकीट दिलं, साडीतला फोटो छापला आणि प्रचाराला फक्त परदेशी वस्तीत धाडलं. पोलंडचे, सोमालियाचे, बांगलादेशचे, सगळे तिलाच मत देतील असा त्यांचा हिशोब.

व्हिडिओ कॉलवर हे ऐकून शेषराव पोट धरून हसले. सोनाळ्यात एका ताटात जेवणारे दोन भाऊ एक बटण दाबत नाहीत, आणि हे शहाणे अख्ख्या जगाची एकच मोळी बांधून बसले होते. त्यांनी लेकीला सांगितलं, जिथे आपल्याला कुत्रं विचारत नाही त्या गल्लीत आधी जा, आणि मताआधी प्यायला पाणी माग. पाणी दिलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणं जड जातं.

प्रतीक्षा म्हाताऱ्या गोऱ्यांच्या गल्लीत घरोघर गेली. पाणी मागितलं तर त्यांनी चहा पाजला, आणि गल्लीत येणारी बस बंद झाल्याचं गाऱ्हाणं सांगितलं. तिनं मग बसचाच विषय लावून धरला.

निकालाच्या दिवशी ती थोडक्यात पडली.

"बाबा, मी इथं परकीच राह्यली," फोनवर ती रडत म्हणाली.

शेषरावांनी आधी तिला रडू दिलं. मग कोण सोबत होतं, कोण नव्हतं ते विचारलं. तिनं सांगितलं, म्हाताऱ्यांच्या गल्लीत खिडकीखिडकीत तिच्या प्रचाराच्या पाट्या होत्या. विरोधकाच्या पाट्या लावल्या त्या तिथल्या आपल्याच मराठी घरांनी, जिथे दर गणपतीला ती मोदक पोचवायची. हिलाच काऊन तिकीट, एवढंच त्यांचं दुखणं.

शेषरावांना हसू आलं. पण लेक आता सोनाळ्याची राहिली नव्हती.

"रडू नको माय," ते म्हणाले. "परक्याले भावकी पाडत नसते. तू त्या गावचीच झाली."